लेक, फुलराणी, खेळाडू : क्रीडापानावरची मराठी

वर्तमानपत्राचे क्रीडापान हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. कथा, कादंबरी, नाटक यांची समीक्षा होते. अग्रलेखांचे संग्रह निघतात. क्रीडावृत्त मात्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. वास्तविक शाळकरी मुलामुलींच्या नजरेखाली रोज जाणारे मराठी गद्य कोणते, असा प्रश्न विचारला तर पाठ्यपुस्तकाच्या खालोखाल याच पानाचे नाव घ्यावे लागेल. नंदगडसारख्या सीमाभागातल्या गावात तर त्याचे महत्त्व अधिक आहे. खानापूर तालुक्यात कार्यालयाची भाषा कन्नड, स्पर्धापरीक्षेची इंग्रजी आणि घरची मराठी. अशा ठिकाणी नव्या विषयावरचे ताजे मराठी वाक्य मुलांना भेटते ते बहुधा वर्तमानपत्रात.

म्हणूनच या पानावर महिला खेळाडूंविषयी कोणत्या शब्दांत लिहिले जाते, हा प्रश्न पत्रकारितेचा आहे तितकाच भाषेचाही आहे. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न आहे. महिलांच्या खेळाला जागा किती मिळते, हा त्याचा एक भाग झाला. अमेरिकेतील अभ्यासकांनी १९८९ पासून ठरावीक वर्षांच्या अंतराने टीव्हीवरील क्रीडावृत्ते तपासली. २०१९ सालीही सुमारे ९५ टक्के वेळ पुरुषांच्या खेळांनाच मिळाल्याचे त्यांना आढळले. जी जागा मिळते तिच्यात काय लिहिले जाते, हा दुसरा भाग. आणि भाषेच्या शिक्षकाला तो अधिक जवळचा आहे.

केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०१६ साली, रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर, खेळाविषयीच्या इंग्रजी मजकुरातील १६ कोटींहून अधिक शब्द तपासले. पुरुषांच्या जोडीने 'वेगवान', 'बलवान', 'महान' असे शब्द येत होते. स्त्रियांच्या जोडीने 'वयस्कर', 'गर्भवती', 'विवाहित', 'अविवाहित'. म्हणजे पुरुषाचे वर्णन त्याच्या खेळावरून आणि स्त्रीचे तिच्या वयावरून व घरावरून. मराठीत असा मोठा संग्रह तपासणे अजून व्हायचे आहे. पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही. मराठीचे व्याकरण आणि मराठीचा शब्दसंग्रह आपल्यासमोर आहेच.

भाषेने काय दिले आहे?

आरंभी एक समाधानाची गोष्ट. खेळाच्या क्षेत्रात मराठीने घडवलेले किंवा स्वीकारलेले बहुतेक शब्द स्त्रीपुरुष दोघांनाही चालणारे आहेत. 'खेळाडू' हा शब्दच पाहा. तो खेळाडू, ती खेळाडू. 'पटू' म्हणजे निपुण. धावपटू, कुस्तीपटू, जलतरणपटू, बुद्धिबळपटू हे शब्द कोणाचेही असू शकतात. 'गोलंदाज' हा मुळात तोफेचा गोळा डागणारा सैनिक. 'अंदाज' हे फारसी पद टाकणाऱ्याला, फेकणाऱ्याला लागते. त्यावरूनच तिरंदाज आला आणि त्याच वळणावर पुढे फलंदाज. रणांगणातून आलेला हा शब्द आज 'ती डावखुरी गोलंदाज आहे' या वाक्यात विनासायास बसतो. 'कर्णधार' म्हणजे सुकाणू धरणारा किंवा धरणारी.

इंग्रजीला ही सोय नव्हती. क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबला सप्टेंबर २०२१ मध्ये नियमपुस्तकातला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घालावा लागला. मराठीच्या फलंदाजाला त्याने काही फरक पडला नाही. ज्या षटकात धाव निघत नाही त्याला इंग्रजीत 'मेडन', म्हणजे कुमारिका, म्हणतात. मराठीने तो शब्द उचलला नाही. 'निर्धाव षटक' असा सरळ, अर्थवाही शब्द बनवला. ज्यांनी तो घडवला त्यांच्यासमोर स्त्रीपुरुष समतेचा प्रश्न होता असे मानण्याचे कारण नाही. खेळात जे घडले तेच शब्दात यावे एवढीच त्यांची दृष्टी असावी, आणि ती पुरेशी ठरली.

आता क्रियापद. 'धावली', 'जिंकली', 'अंतिम फेरीत पोहोचली' असे म्हणताच खेळाडू स्त्री आहे हे कळते. कर्मणी प्रयोगात, म्हणजे 'तिने अर्धशतक झळकावले' या वाक्यात, क्रियापद अर्धशतकाच्या मागे जाते, पण सर्वनाम काम करतेच. त्यामुळे 'महिला धावपटू पहिली आली' या वाक्यातला 'महिला' हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने बहुतेक वेळा जादा असतो.

सीमाभागात राहणाऱ्याला शेजारच्या भाषेशी तुलना सहज सुचते. कन्नडमध्ये खेळाडूसाठी 'आटगार' आणि 'आटगार्ती' अशी दोन रूपे आहेत. नामातच भेद आहे. उलट क्रियापदात 'ओडिदनु' म्हणजे तो धावला, 'ओडिदळु' म्हणजे ती धावली, पण आदरार्थी 'ओडिदरु' दोघांनाही एकच. मराठीत आदरार्थीही 'ते धावले' आणि 'त्या धावल्या' वेगळेच राहतात. मराठीत नाम समान आणि क्रियापदात भेद. कन्नडमध्ये नामात भेद आणि आदराच्या क्रियापदात समानता. दोन्ही भाषा वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात ही तुलना करून दाखवण्यासारखी आहे. भेद भाषेत कोठे असतो आणि लिहिणारा तो कोठे वाढवतो, हे त्यातून स्पष्ट होते.

'महिला' कोठे हवे?

'महिला' हा शब्द टाळावा असे मात्र म्हणता येणार नाही. स्पर्धा वेगळ्या आहेत, तेव्हा 'महिला विश्वचषक' म्हणावेच लागते. अडचण येते ती दुसऱ्या बाजूला काहीच न लिहिण्याने. एकीकडे 'विश्वचषक' आणि दुसरीकडे 'महिला विश्वचषक' असे लिहिले की पहिला मूळ आणि दुसरा त्याची शाखा, असा समज आपोआप होतो. इतिहास वेगळे सांगतो. क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि तो महिलांचा होता. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली.

याचे अधिक बोलके उदाहरण मुंबईतलेच आहे. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक कोणाचे, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी सचिन तेंडुलकरचे नाव सांगतात. ग्वाल्हेरला २४ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने नाबाद २०० धावा केल्या. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने त्याआधी बारा वर्षे, १६ डिसेंबर १९९७ रोजी, मुंबईत डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. 'पुरुषांच्या क्रिकेटमधील पहिले द्विशतक' असे लिहिले असते तर सचिनची कामगिरी तसूभरही कमी झाली नसती. वाक्य मात्र खरे झाले असते. येथे प्रश्न सौजन्याचा नाही, अचूकतेचा आहे. एकाला विशेषण लावले तर दुसऱ्यालाही लावावे, हा नियम पाळला की अशा चुका टळतात.

नात्याचे शब्द

व्याकरणाने समान संधी दिली असताना भेद येतो तो मथळ्यातल्या नामांतून. 'शेतकऱ्याची लेक', 'रिक्षाचालकाची कन्या', 'गावची सून', 'दोन मुलांची आई' ही नामे क्रीडापानाच्या वाचकाला परिचित आहेत. मुलगा जिंकला तर तो 'मल्ल' असतो, 'धावपटू' असतो. क्वचित 'शेतकऱ्याचा मुलगा'ही होतो, पण ते बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात. मुलीच्या बाबतीत नाते मथळ्यात येते आणि खेळ खाली जातो.

या शब्दांमागे माया आहे हे नाकारता येत नाही. 'लेक' हा मराठीतला फार जिव्हाळ्याचा शब्द आहे, आणि कोरडवाहू शेतीवर घर चालवणाऱ्या आईबापांनी मुलीला मैदानावर पाठवले ही गोष्ट सांगण्याजोगीच आहे. पण नात्याचा शब्द खेळाच्या शब्दाची जागा घेतो, तेव्हा यश तिचे न राहता घराचे किंवा गावाचे होते.

बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. तिचे नाव ज्या नदीचे आहे ती आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, त्यामुळे या भागाला तिच्याविषयी आपलेपणा वाटणे साहजिक आहे. पण वाचकाला पडणारा पहिला प्रश्न 'ती कोणाची?' हा नसून 'कुराश म्हणजे काय?' हा असतो. कुराश ही मध्य आशियातली, मुख्यतः उझबेकिस्तानची कुस्ती. मल्ल जाकीट घालून आणि कमरेला पट्टा बांधून उभ्यानेच लढतात, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर फेकण्याचा प्रयत्न करतात. पाय धरता येत नाहीत, जमिनीवर झोंबी घेता येत नाही. आशियाई स्पर्धेत हा खेळ प्रथमच २०१८ साली आला. मलप्रभा मूळची ज्युदोपटू. फेकीचे कसब तिथून आलेले. ही चार वाक्ये लिहिली की वाचकाला तिचे पदक कळते. कुस्तीचे आखाडे पाहत वाढलेल्या बेळगाव, निपाणी, कोल्हापूरच्या वाचकाला तर ती विशेष रुचावीत.

माणदेशातल्या ललिता बाबर हिच्याविषयीही हेच म्हणता येईल. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्यावर लिहिताना 'आयुष्यातील अडथळ्यांवर मात' ही कल्पना कोणालाही सुचेल. शर्यतीचे नावच तशी सोय करून देते. पण प्रत्यक्ष शर्यतीतले अडथळे पाहा. २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. हर्डल्सचा अडथळा पाय लागला तर पडतो. स्टीपलचेसचा जड लाकडी अडथळा जागचा हलत नाही. त्यावरून उडी घेऊन, ओल्या बुटांनी, लय न सोडता तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. माणदेशाचा दुष्काळ ही तिची पार्श्वभूमी झाली. तिची कामगिरी ही आहे.

राणी, रणरागिणी आणि एक्स्प्रेस

टोपणनावांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण तेथे मराठीची कल्पकता दिसते. सायना नेहवालला मराठी वर्तमानपत्रांनी 'फुलराणी' केले. बॅडमिंटनच्या शटलला आपण फूल म्हणतो, म्हणून श्लेष छान साधला. पण मराठी वाचकाच्या मनात फुलराणी म्हणताच बालकवी येतात, आणि त्यांची फुलराणी ही लाजरी, लग्नाला उभी राहणारी कळी आहे. लंडन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारी, २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचलेली, लांबच लांब रॅलीत प्रतिस्पर्ध्याला दमवणारी सायना त्या प्रतिमेत बसत नाही. तेच फूल मारणाऱ्या पुरुषाला कोणी 'फुलराजा' म्हटलेले नाही.

'रणरागिणी', 'वाघीण', 'मर्दानी' या शब्दांची अडचण निराळी आहे. आपला हा भाग कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा, त्यामुळे पराक्रमी स्त्रीचा आदर्श येथे दूर शोधावा लागत नाही. पण टेनिस, नेमबाजी, बुद्धिबळ, खो-खो या सर्वांना एकच 'रणरागिणी' लावली की कोणत्याही खेळाविषयी काहीच सांगितले जात नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकावले. त्या प्रकारात पोटावर झोपून, श्वास सांभाळून साठ वेळा नेम धरायचा असतो. तेथे आवेश कामाचा नाही, लागते ती स्थिरता. 'मर्दानी' तर स्त्रीची तारीफ करण्यासाठी पुरुषाची मोजपट्टी आणते.

याउलट 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे कविता राऊतचे आणि 'माणदेशी एक्स्प्रेस' हे ललिता बाबरचे नाव पाहा. 'पय्योली एक्स्प्रेस' पी. टी. उषावरून ही पद्धत आली. या नावात खेळाडूचे गाव आहे आणि तिचा वेग आहे. नाते नाही, सौंदर्य नाही, लटका आवेशही नाही. शोएब अख्तरला 'रावळपिंडी एक्स्प्रेस' म्हणत, म्हणजे ते स्त्रीपुरुष दोघांनाही लागते. टोपणनाव कसे असावे याचा हा चांगला नमुना आहे.

पुरस्कारांची नावेही या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांसाठी एकलव्य आणि महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई पुरस्कार आहे. कुमार गटात मुलांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी. मोठ्या गटात जोडी बरोबरीची जमली. लहान गटात मुलाच्या वाट्याला रणातला वीर आला आणि मुलीच्या वाट्याला सोसण्याचा आदर्श. लहानपणी शिवधनुष्य सहज हलवणारी जानकी आपल्या लोककथेत आहे, पण नाव घेताना डोळ्यांपुढे येते ती बहुधा वनवासातली. 'महाराष्ट्र केसरी' १९६१ पासून आहे. महिलांसाठी ती स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रथम झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. 'केसरी' म्हणजे सिंह. येथे 'सिंहीण' शोधत न बसता तोच किताब महिलांना दिला गेला, हे भाषेच्या दृष्टीने योग्य झाले.

शरीर आणि संसार

स्त्री आखाड्यात उतरली की तिच्याकडे नवलाईची वस्तू म्हणून पाहण्याची रीत जुनी आहे. हमीदा बानू या पहिलवान १९५० च्या दशकात गाजल्या. 'मला हरवील त्याच्याशी लग्न करीन' या त्यांच्या आव्हानाची वर्तमानपत्रांनी चर्चा केली. मे १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. त्यांचे वजन, उंची, रोजचे दूध, अंडी, झोपेचे तास यांचे आकडे त्या काळी छापून आले. त्यांच्या डावांना तेवढी जागा मिळाली नाही.

सत्तर वर्षांत पुष्कळ बदल झाला आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी पहिली पाने दिली. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाच बळी, उपांत्य फेरीतले जेमिमा रॉड्रिग्जचे नाबाद शतक यांची वर्णने डावपेचांसह आली. पण त्याच महिन्यात सांगलीच्या स्मृती मानधनाच्या लग्नाविषयीच्या बातम्याही दिवसेंदिवस चालल्या. स्पर्धेत तिने ४३४ धावा केल्या होत्या. वाचकाच्या स्मरणात यांपैकी काय राहिले, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. २०१७ च्या विश्वचषकापूर्वी मिताली राजला तिचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण असे विचारण्यात आले, तेव्हा पुरुषांना आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का, असा उलट प्रश्न तिने केला होता. लेखन तपासण्याची ती सोपी कसोटी आहे. हेच वाक्य पुरुष खेळाडूविषयी लिहिले असते का, एवढे विचारावे.

खो-खोचे वृत्त : घरातला नमुना

चांगले कसे लिहावे हे शिकायला दूर जाण्याची गरज नाही. मराठीतील खो-खोचे पारंपरिक वृत्त पाहा. खेळाडूचे नाव, तिने किती मिनिटे संरक्षण केले, आक्रमणात किती गडी बाद केले, संघ किती गुणांनी वा डाव राखून जिंकला. पुरुषांचे वृत्त याच साच्यात, महिलांचेही याच साच्यात. विशेषणांना जागा नाही आणि नात्यालाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली महिला संघाने नेपाळला ७८-४० असे आणि प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. दोन्ही वाक्ये एकमेकांशेजारी ठेवली तर एकही शब्द वेगळा करावा लागत नाही.

ज्या खेळावर पैसा आणि प्रसिद्धी कमी, त्याच्या वृत्तात ही समता टिकावी हा योगायोग नसावा. लिहिणारे बहुधा खेळ जाणणारे असतात, पंच असतात, शिक्षक असतात. खेळ कळला की लिहायला काहीतरी असते. तो कळत नाही तेव्हा लेखणी खेळाडूच्या घराकडे वळते.

शिक्षकांचे काम

या लेखाच्या वाचकांत शिक्षक अनेक आहेत, म्हणून शेवटी आपल्या हातातल्या गोष्टीकडे यावे. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांच्या बातम्या बहुतांशी शाळेने पाठवलेल्या मजकुरावरूनच छापल्या जातात. तो मजकूर आपण लिहितो. त्याचा परिचित नमुना असा : 'शाळेच्या मुलींच्या संघाने कबड्डीत घवघवीत यश संपादन केले. त्यांना अमुक यांचे प्रोत्साहन व तमुक यांचे मार्गदर्शन लाभले.' पुढे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावे. छायाचित्रात मुली मागच्या रांगेत. सामना कोणाशी झाला, किती गुणांनी जिंकला, चढाई कोणी केली, शेवटची पकड कोणाची, यांतले काही नसते. बारा मुलींपैकी एकीचेही नाव नसते.

अशा बातमीचे कात्रण मुलगी वहीत जपून ठेवते. एसएसएलसीनंतर खेळ चालू ठेवायचा की नाही, याचा घरात निर्णय होतो तेव्हा तिच्या बाजूने दाखवायला तिच्याकडे एवढाच कागद असतो, आणि त्यावर तिचे नाव नसते. मुलाच्या बाबतीतही हे घडते. पण मुलाचा खेळ थांबवण्याचा विचार घरात इतक्या लवकर होत नाही. म्हणून मुलीच्या बातमीतले नाव आणि आकडा यांची किंमत अधिक आहे.

यासाठी वर्गात करता येण्याजोगा एक साधा उपक्रम सुचवतो. विद्यार्थ्यांना आठवड्याची क्रीडापाने गोळा करायला सांगावीत. प्रत्येक बातमीत खेळाडूसाठी आलेली नामे वेगळ्या रंगांनी अधोरेखित करावीत : खेळाची, नात्याची, अलंकाराची. मग एक बातमी निवडून ती पुन्हा लिहावी. नात्याचे शब्द ठेवायचे असतील तर ठेवावेत, पण खेळाच्या शब्दानंतर. ज्यांना लिहिता येणार नाही त्यांनी तो खेळ मैदानावर जाऊन पाहावा आणि मग लिहावे. निबंध, सारांशलेखन, वृत्तलेखन हे अभ्यासक्रमातले सगळे घटक यात येतात.

मराठीकडे खेळाडू आहे, पटू आहे, चढाई, पकड, संरक्षण, निर्धाव षटक आहे. पुढच्या स्पर्धेची बातमी पाठवताना पहिल्या ओळीत मुलींची नावे, दुसऱ्या ओळीत गुण, तिसऱ्या ओळीत निर्णायक क्षण आणि त्यानंतर मान्यवरांची नावे, असा क्रम ठेवला तरी सुरुवात होईल.